एक पिन, सात फ्लिप-फ्लॉप: ठिबक नियंत्रकाच्या सर्किटातील एका निवडक भागाचा अभ्यास

रावेर तालुक्यातील एका कांदेबागेत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या केळीत, आम्ही बसवलेला ठिबक नियंत्रक एका रात्री अडकला. चारही प्लॉटचे व्हॉल्व्ह बंद आणि पंप मात्र चालू, अशा स्थितीत तो पहाटेपर्यंत राहिला. सबमेनचा एक जोड निखळला, विहिरीजवळच्या चारीत पाणी साचले आणि सकाळी सहाला शेतकरी नानांचा फोन आला: "भाऊ, तुमचं यंत्र जागं हाये का झोपलं, काई समजत नाई. लाईट जळू राह्यले, मोटर चालू राह्यली, अन पानी एकाबी प्लॉटात नाई." रीसेटचे बटण दाबल्यावर सगळे सुरळीत झाले. त्याच्या आठ दिवस आधी दुसऱ्या प्लॉटला दोनदा पाणी जाऊन तिसरा कोरडा राहिला होता. ती चूक आम्ही वेळापत्रक भरणाऱ्याच्या माथी मारून मोकळे झालो होतो.

हा नियंत्रक जळगावच्या माझ्या पॅनेल-वर्कशॉपमध्ये, अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने तयार झालेला आहे. चार प्लॉटच्या ठिबकाला एफपीजीए (आतले सर्किट हवे तसे जोडून घेता येते अशी चिप) लागतो का, असा प्रश्न जाणकार विचारतील, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'लागत नाही' असे आहे. साधा मायक्रोकंट्रोलर पुरला असता. विद्यार्थ्यांना व्हेरिलॉग ही सर्किट लिहिण्याची भाषा प्रत्यक्ष वापरायची होती आणि मला त्यांना शेतातल्या तारा, दमट पेटी आणि रात्री येणारी वीज दाखवायची होती, म्हणून आइस४० एचएक्स१के ही १२८० लॉजिक सेलची लहान चिप निवडली. हिच्या बिटस्ट्रीमची, म्हणजे चिपमध्ये भरायच्या बिटांची, रचना उलगडणारा 'आइसस्टॉर्म' प्रकल्प २०१५ साली खुला झाला. क्लेअर वुल्फ यांचे 'योसिस' हे सिंथेसिसचे, म्हणजे लिहिलेल्या वर्णनातून सर्किट तयार करण्याचे, साधनही खुले असल्यामुळे लायसन्सचा खर्च नाही आणि सर्किटाच्या प्रत्येक टप्प्यात डोकावता येते. पुढे हाच दुसरा फायदा कामी आला.

रचना थोडक्यात अशी होती. मुख्य स्टेट मशीनला, म्हणजे एका वेळी एकाच अवस्थेत राहून क्रमाने पुढे सरकणाऱ्या सर्किटाला, सात अवस्था होत्या: विश्रांती, दाब भरणे, चार प्लॉटच्या चार आणि शेवटी नळ्या धुण्याची एक. पंप सुरू झाल्यावर लाइनमध्ये दाब भरला की प्रेशर स्विच मिटतो आणि त्या पाळीच्या प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडतो. पाणी सुरू असताना दाब पडला, तर मशीन पाळीचा क्रमांक एका दोन-बिटी रजिस्टरमध्ये (आकडा लक्षात ठेवणाऱ्या जागेत) नोंदवून पुन्हा 'दाब भरणे' या अवस्थेत जाते आणि दाब आला की नोंदवलेल्या प्लॉटवर परतते. वॉटर मीटरच्या पल्स मोजून प्लॉटचा कोटा पूर्ण झाला की पुढचा प्लॉट. विश्रांती नसेल तेव्हा पंप चालू, एवढीच पंपाची अट होती. नियंत्रकाला स्वतःची बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी तो जागा राहतो, आणि वीज परतल्यावर ऑटो स्टार्टर पंप पुन्हा ओढतो.

सोर्समध्ये, म्हणजे आम्ही लिहिलेल्या व्हेरिलॉगमध्ये, अवस्थांना तीन बिटांचे क्रमांक दिलेले होते. आठवा, न वापरलेला क्रमांक चुकून आलाच तर 'डिफॉल्ट' शाखेतून विश्रांतीला परतायचे, अशी सोयही होती. विद्यार्थिनीने ती शाखा मला अभिमानाने दाखवली होती आणि मीही शाबासकी दिली होती.

सोर्स आणि सिम्युलेशन यांनी काय सांगितले

पहिले दोन दिवस आम्ही सोर्स वाचण्यात आणि सिम्युलेशनच्या लहरी पाहण्यात घालवले. दाब पडणे, परत येणे, कोटा संपणे, कोटा संपत असतानाच दाब पडणे अशा सर्व क्रमांत मशीन बरोबर चालत होते. हे तसेच व्हायचे होते. टेस्टबेंचमध्ये, म्हणजे सिम्युलेशनला इनपुट पुरवणाऱ्या कोडमध्ये, दाबाचा संकेत आम्ही क्लॉकच्या (सर्किटाला ठेका देणाऱ्या लहरीच्या) उलट कडेवर बदलत होतो, त्यामुळे वाचणाऱ्या कडेपाशी तो नेहमी स्थिर असे. तो वेळीअवेळी बदलला असता तरी या पातळीच्या सिम्युलेशनमध्ये एका तारेवरचे मूल्य तिच्या सर्व टोकांना एकाच क्षणी पोचते. खऱ्या चिपमध्ये प्रत्येक टोकाचा रस्ता वेगळ्या लांबीचा असतो. आमचा दोष नेमका याच फरकात बसलेला होता, म्हणून सिम्युलेशन कितीही तास चालवले तरी तो दिसणार नव्हता.

मग आम्ही सिंथेसिसनंतरचा नेटलिस्ट, म्हणजे गेट आणि त्यांना जोडणाऱ्या तारांची यादी, उघडला. योसिसमध्ये 'शो' ही आज्ञा दिली की ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या साधनाच्या मदतीने सर्किटाचे चित्र तयार होते: पोर्ट अष्टकोनी, सेल आयताकृती, इनपुट डावीकडे आणि आउटपुट उजवीकडे. विद्यार्थ्याने संपूर्ण डिझाइनचे चित्र काढून ए-थ्री कागदांवर छापले आणि सहा कागद चिकटवून भिंतीवर लावले. त्या चित्रातून कोणालाही काहीही कळले नाही. मॉड्यूलच्या भिंती पाडून सगळे एका पातळीवर आणलेला नेटलिस्ट म्हणजे आपल्याकडचे भरीत असते. वांगी कोणती आणि किती होती हे ठेचून झाल्यावर विचारायचे नसते. क्लॉकची तार प्रत्येक फ्लिप-फ्लॉपला (क्लॉकच्या कडेवर एक बिट टिपून ठेवणाऱ्या घटकाला) आणि रीसेटची जवळजवळ प्रत्येकाला गेलेली असल्यामुळे चित्राचा निम्मा भाग त्या दोन तारांनीच काळा झाला होता. तो कागद मी आठवडाभर भिंतीवर मुद्दाम राहू दिला.

भाग कसा निवडला

निवड करताना पहिला अडथळा नावाचा आला. विद्यार्थिनीने 'स्टेट' हे रजिस्टर नावाने शोधले, आणि ते सापडेना. टूलने आपले रजिस्टर खाऊन टाकले, अशी तिची समजूत झाली. प्रत्यक्षात योसिसच्या एफएसएम (स्टेट मशीन हाताळणाऱ्या) टप्प्याने ते स्टेट मशीन म्हणून ओळखले होते, जुन्या तारेचे नाव बदलून बाजूला ठेवले होते आणि त्या जागी स्वतःच्या पद्धतीचे नवे रजिस्टर उभे केले होते. सोर्समधली नावे घेऊन नेटलिस्टमध्ये शिरणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतो. ज्यांची नावे बदलत नाहीत ती ठिकाणे म्हणजे चिपच्या पिना, कारण पोर्टचे नाव शेवटपर्यंत तेच राहते. म्हणून आम्ही सुरुवात पंपाच्या आउटपुट पिनेपासून केली आणि मागे चालत गेलो.

योसिसच्या 'सिलेक्ट' या आज्ञेत एखाद्या तारेपासून इनपुटच्या दिशेने किंवा आउटपुटच्या दिशेने शंकू, म्हणजे तिला जोडलेल्या भागांची निवड, वाढवता येतो. शंकू किती पायऱ्यांचा असावा तेही सांगता येते. तारेवरून सेलवर ही एक पायरी, सेलवरून तारेवर ही दुसरी, त्यामुळे एक गेट मागे जायला दोन पायऱ्या मोजाव्या लागतात. पहिल्या प्रयत्नात आम्ही पायऱ्यांची मर्यादा घातलीच नाही. शंकू फ्लिप-फ्लॉपमधून आरपार मागे गेला, तिथून क्लॉक आणि रीसेटला पोचला, फीडबॅकच्या तारांनी पुन्हा पुढे आला आणि भिंतीवरचे चित्र जसेच्या तसे पडद्यावर उभे राहिले. दुसऱ्या प्रयत्नात दोन बंधने घातली: फ्लिप-फ्लॉप लागला की तिथे थांबायचे आणि क्लॉक व रीसेटच्या पिनांतून पुढे जायचेच नाही. आता चित्रात एक फ्लिप-फ्लॉप, एक इन्व्हर्टर आणि पंपाची अष्टकोनी पिन एवढेच उरले.

या तीन वस्तूंकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. तीन बिटांच्या अवस्थेतून पंपाची अट निघायची असेल तर तिन्ही बिटे त्या गेटमध्ये यायला हवी होती. इथे एकच बिट येत होते. त्यावरून उलगडा झाला की योसिसने आमची तीन बिटांची मांडणी रद्द करून वन-हॉट मांडणी केली आहे. तिच्यात प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र फ्लिप-फ्लॉप असतो, एका वेळी त्यातला एकच पेटलेला असतो, आणि अवस्था ओळखायला तेवढा एक बिट पाहिला तरी पुरते. वेगळे काही सांगितले नसेल तर लहान स्टेट मशीनसाठी योसिस हीच मांडणी घेते, आणि एफपीजीएमध्ये फ्लिप-फ्लॉप मुबलक असल्यामुळे तिचा तो निर्णय चुकीचाही नाही.

चित्रात नसलेली गोष्टही तितकीच महत्त्वाची होती. 'डिफॉल्ट' शाखेचा कुठेही मागमूस नव्हता. रीसेटच्या अवस्थेपासून निघून ज्या अवस्थांपर्यंत पोचता येते तेवढ्याच योसिस जमेस धरते. आमच्या सोर्सच्या तर्कानुसार आठव्या क्रमांकापर्यंत कोणीच पोचू शकत नव्हते, म्हणून ती सोय गळून पडली होती. मी जिला शाबासकी दिली होती ती सुरक्षा चिपमध्ये कधी उतरलीच नव्हती.

कोणत्या टप्प्यावरचे सर्किट पाहायचे, हाही निवडीचाच भाग आहे. सोर्सचे सर्किटात पहिले रूपांतर होते तेव्हा चित्र सोर्ससारखेच दिसते आणि वन-हॉटची गोष्ट त्यात येत नाही. अगदी शेवटी, लॉजिक लुकअप टेबलांत, म्हणजे इनपुटांवरून उत्तर देणाऱ्या चिपमधल्या छोट्या तक्त्यांत, बसवल्यावर, चार-चार इनपुटांच्या टेबलांत मूळ गेट विरघळून जातात आणि कोणते टेबल सोर्सच्या कोणत्या ओळीतून आले हेही बहुधा सांगता येत नाही. आम्ही एफएसएमचा टप्पा संपल्यानंतरचा आणि लुकअप टेबलांच्या आधीचा नेटलिस्ट वेगळा साठवून त्यावरच पुढचे काम केले. क्वार्टस, विवाडो यांसारख्या कंपन्यांच्या साधनांतही सोर्सच्या जवळचे आणि चिपच्या जवळचे अशी दोन निरनिराळी दर्शने असतात. आपण त्यातले कोणते उघडले आहे हे न पाहताच वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत.

दाबाच्या पिनेपासून पुढे

आता उलट दिशेने निघालो. प्रेशर स्विचची पिन धरून आउटपुटच्या दिशेने, पहिल्या फ्लिप-फ्लॉपपाशी थांबणारा शंकू काढला. तुलनेसाठी वॉटर मीटरच्या पिनेचाही तसाच शंकू काढला. मीटरच्या पिनेपासून निघालेली तार सरळ एका फ्लिप-फ्लॉपला गेली आणि संपली. त्याच्या पुढे दुसरा फ्लिप-फ्लॉप, म्हणजे बाहेरचा संकेत क्लॉकच्या तालात आणणारा नेहमीचा दोन टप्प्यांचा सिंक्रोनायझर होता. दाबाच्या पिनेच्या शंकूत मात्र सात टोके निघाली: 'दाब भरणे' या अवस्थेचा फ्लिप-फ्लॉप, चार प्लॉटचे चार, आणि पाळी नोंदवणाऱ्या रजिस्टरची दोन बिटे, ज्यांच्या इनेबलपर्यंत (नोंद करायची परवानगी देणाऱ्या इनपुटपर्यंत) ही तार वेगवेगळ्या गेटांतून पोचत होती.

एक असायला हवे होते तिथे सात निघाले, आणि शोध खऱ्या अर्थाने इथेच संपला. मीटरला सिंक्रोनायझर होता आणि दाबाला नव्हता, याचे कारण मीच होतो. विद्यार्थ्याने सुरुवातीला विचारले होते, "सर, दाबाच्या इनपुटलाही सिंक्रोनायझर टाकू का?" त्यावर, दाब काय मिनिटामिनिटाने बदलतो, त्याला कशाला, असे उत्तर मी दिले होते. दाब हळू बदलतो हे खरे, पण त्याची कड क्लॉकच्या कोणत्या क्षणी पडेल याचा त्या संथपणाशी काहीही संबंध नाही.

काय घडत होते ते तिसरा प्लॉट चालू असताना पाहू. दाब आहे तोवर तिसऱ्या प्लॉटचा फ्लिप-फ्लॉप स्वतःला पेटलेला ठेवतो. दाब गेला की त्याने विझायचे आणि त्याच कडेवर 'दाब भरणे' हा फ्लिप-फ्लॉप पेटायचा. दाब गेल्याची बातमी मात्र दोघांना दोन वेगळ्या रस्त्यांनी मिळते. क्लॉकची कड या दोन बातम्यांच्या मध्ये पडली आणि बातमी तिसऱ्या प्लॉटला आधी पोचलेली असली, तर तो विझतो. 'दाब भरणे' मात्र अजून दाब आहे असेच समजत असतो, म्हणून पेटत नाही. पुढच्या क्लॉकला सातही अवस्थांचे फ्लिप-फ्लॉप शून्य. कोणतीच अवस्था पेटलेली नाही म्हणून कोणतेच संक्रमण लागू होत नाही, आणि मशीन रीसेटपर्यंत तिथेच राहते. सगळे व्हॉल्व्ह बंद, कारण कोणताच प्लॉट पेटलेला नाही. पंप चालू, कारण पंपाच्या गेटात 'विश्रांती नाही' एवढेच विचारलेले आहे आणि विश्रांतीचा बिटही शून्यच आहे. त्या रात्री वीज गेली, दाब पडला, मशीन शून्यात अडकले. वीज आली, ऑटो स्टार्टरने पंप ओढला आणि पाण्याला वाट नव्हती.

उलट क्रम झाला तर, म्हणजे बातमी 'दाब भरणे'ला आधी आणि प्लॉटला उशिरा मिळाली तर, दोन्ही फ्लिप-फ्लॉप एका क्लॉकपुरते पेटलेले राहतात. पुढच्या क्लॉकला प्लॉट विझतो आणि कोणाला काही कळतही नाही. तिसरी शक्यता पाळीच्या रजिस्टरची आहे. अवस्था नीट बदलली पण नोंद करणाऱ्या रजिस्टरपर्यंत बातमी वेळेत पोचली नाही, तर त्यात आधीच्या वेळी नोंदवलेला क्रमांक तसाच राहतो आणि दाब परतल्यावर जुनाच प्लॉट उघडतो. दुसऱ्या प्लॉटला दोनदा पाणी गेले ते असे. वेळापत्रक भरणाऱ्याची मी नंतर फोन करून माफी मागितली.

अनेकजण याला सरसकट मेटास्टेबिलिटी म्हणतात. मेटास्टेबिलिटी म्हणजे एकच फ्लिप-फ्लॉप नेमक्या कडेवर बदलते इनपुट पकडायला जाऊन काही काळ ना शून्य ना एक अशा अवस्थेत लटकणे. इथे तेवढेही घडावे लागत नव्हते. प्रत्येक फ्लिप-फ्लॉपने स्वच्छ उत्तर दिले. फक्त ती उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत.

हे रोज का घडत नव्हते याचा ढोबळ हिशोब असा. १२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा कालावधी साधारण ८३ नॅनोसेकंदांचा असतो. दोन रस्त्यांमध्ये अर्ध्या नॅनोसेकंदाचा फरक धरला, तर एक कड त्या फटीत सापडण्याची शक्यता १६६ मध्ये एक. पण पडत्या दाबावर स्विचचे संपर्क एकदा उघडून थांबत नाहीत, ते तडतडतात. आणि प्रत्येक तडतडीला आमचे मशीन प्लॉटवरून 'दाब भरणे'कडे आणि तिथून परत प्लॉटकडे धावत होते. दाब येताना होणाऱ्या संक्रमणातही हाच धोका आहे. वीस कडा धरल्या तरी एका वीज-खंडात फटीत सापडण्याची शक्यता १०० मध्ये १२ च्या घरात जाते, आणि त्यातल्या सुमारे निम्म्या निरुपद्रवी क्रमात जातात. वीज टिकून असलेल्या रात्री नियंत्रक निर्दोष का भासत होता, आणि वर्कशॉपच्या टेबलावर हाताने स्विच दाबून आम्हाला दोष का उभा करता आला नाही, हे यावरून कळते.

दुरुस्ती आणि पुन्हा तेच चित्र

दाबाच्या पिनेला दोन फ्लिप-फ्लॉपांचा सिंक्रोनायझर आणि त्यामागे १८ बिटांचा काउंटर लावला; संकेत २,६२,१४४ क्लॉक, म्हणजे जवळपास २२ मिलिसेकंद, सलग स्थिर राहिला तरच बदल मान्य होतो. पंपाची अट उलटी करून, ज्या अवस्थांत पंप हवा त्यांची नावे घेऊन लिहिली. विद्यार्थ्याचे म्हणणे होते की वन-हॉटच बंद करू, म्हणजे प्रश्न मिटेल. तो मिटला नसता: तीन बिटांच्या मांडणीतही काही संक्रमणांत एकाच वेळी दोन किंवा तीन बिटे बदलतात, आणि त्यातले एक मागे राहिले तर मशीन भलत्याच अवस्थेत जाते. तिथे ते अडकले नसते एवढेच, आणि मग दोष शोधणे आणखी अवघड झाले असते.

शेवटी वन-हॉट आम्ही स्वतःच सोर्समध्ये लिहिली आणि त्या रजिस्टरवर एफएसएम टप्प्याने हात फिरवू नये असा गुणधर्म लावला. कारण सातपैकी नेमका एकच बिट पेटला आहे का, हे तपासून नसेल तर विश्रांतीला नेणारे सर्किट हवे असेल, तर ती सात बिटे सोर्सला दिसली पाहिजेत. 'डिफॉल्ट' शाखेचा अनुभव ताजा असल्यामुळे हे तपासणी-सर्किट तरी शेवटपर्यंत टिकते का, याची शंका विद्यार्थिनीनेच काढली. तिने लुकअप टेबलांत बसलेल्या अंतिम नेटलिस्टवर विश्रांतीच्या फ्लिप-फ्लॉपपासून मागचा शंकू काढला. क्लॉक आणि रीसेट वगळून, पहिल्या फ्लिप-फ्लॉपपाशी थांबून, सातही बिटे त्या चित्रात येत होती. मग तिने दाबाच्या पिनेपासून पुढचा शंकू काढला: अष्टकोन, एक तार, एक फ्लिप-फ्लॉप. हे चित्र ए-फोरच्या चतकोर कागदावर मावले. भिंतीवरचे सहा कागद काढून तिने तिथे ते लावले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नवी चिप घेऊन रावेरला गेलो.